त्रिंबकजी डेंगळे गाणं ऐकून ठाण्याच्या किल्ल्यातून पळाला, हे खरं का? आणि इतिहासवाले हे ठरवतात कसं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही ठाण्यातच वाढलात, आजोबा सांगायचे की दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेत इथल्या किल्ल्यात, म्हणजे आताच्या सेंट्रल जेलमध्ये होता, आणि एका मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराने, खिडकीखालून घोडा फिरवता फिरवता मराठीत गाणं म्हणून त्याला निरोप पोचवला, गोऱ्या पहारेकऱ्यांना पत्ताच लागला नाही. आता नेटवर एकीकडे लिहिलंय "इतिहासात नोंद आहे" आणि दुसरीकडे "निव्वळ दंतकथा". म्हणून तुम्ही विचारताय की नक्की काय मानायचं, आणि इतिहासकार हे ठरवतात तरी कसं, की शेवटी ज्याला जे हवं ते तो लिहून मोकळा होतो.

मी कॉलेजात इतिहास शिकवते आणि उरलेला वेळ मोडी कागदांत जातो, त्यामुळे हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच. माझ्या मते तुमची खरी अडचण "खरं की खोटं" ही नाहीये. अडचण अशी आहे की तुम्ही ही अख्खी गोष्ट एकच वस्तू समजून तिला पास-नापास करायला बघताय. त्या एका गोष्टीत निदान चार वेगवेगळे दावे आहेत आणि प्रत्येकाच्या मागचा पुरावा वेगळा आहे. त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यातून पळाला, हा एक. मोतद्दाराने गाण्यातून निरोप दिला, हा दुसरा. त्या गाण्याचे शब्द अमुक होते, हा तिसरा. आणि बाजीरावाला हे सगळं माहीत होतं, किंबहुना त्यानेच करवून घेतलं, हा चौथा, तुम्ही विचारलेला नाही पण सगळ्यात महत्त्वाचा तोच. हे चार सुटे केले की अर्धं भांडण तिथेच मिटतं.

पहिल्या दाव्यात वादच नाही. १८१५ च्या जुलैमध्ये पंढरपूरला गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, ठपका त्रिंबकजीवर आला, पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्याच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, एल्फिन्स्टन हटून बसला आणि सप्टेंबरात पेशव्याला त्रिंबकजी इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. मग ठाण्याचा किल्ला, आणि बरोबर वर्षभराने, सप्टेंबर १८१६ मध्ये, तो तिथून निसटला. यावर आपण इतक्या खात्रीने बोलतो ते कुठल्या पुस्तकात छापलंय म्हणून नाही. हे घडलं त्या वेळी लोकांनी कामापुरती लिहिलेली पत्रं आहेत म्हणून. कैदी पळाला, शोध घ्या, पेशव्याला जाब विचारा, असं म्हणत सरकारी घोडं धावत होतं. आणि पुढच्या घटना त्याशिवाय उभ्याच राहत नाहीत, जून १८१७ चा पुण्याचा तह झाला तेव्हा त्रिंबकजीला हवाली करणे हा मुद्दा त्यात होताच. ज्याची नाचक्की होते तोच ती गोष्ट लिहून ठेवतोय, हेही बघा. आपल्या किल्ल्यातून कैदी पळाला हे इंग्रज उगाच कशाला रचतील?

आता गाणं. इथे जरा थांबूया.

आपल्याला छापील स्वरूपात हे मुख्यतः दोन ठिकाणी मिळतं. एक ग्रँट डफ, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा, त्याचं पुस्तक १८२६ चं. तो म्हणतो की किल्ल्यावरच्या एका अधिकाऱ्याचा मोतद्दार मालकाचा घोडा फिरवायच्या निमित्ताने त्रिंबकजीच्या खिडकीसमोरून ये-जा करायचा आणि सांगायचं ते सहज गुणगुणल्यासारखं गाऊन सांगायचा, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी येत नसल्याने ते लक्षात आलं नाही. दुसरा बिशप हेबर, कलकत्त्याचा, त्याची प्रवासाची डायरी त्याच्या मृत्यूनंतर १८२८ मध्ये छापली गेली. हेबर तर चक्क गाण्याचे शब्दच देतो, इंग्रजी पद्यात. झुडपाआड तिरंदाज दबा धरून आहेत, झाडाखाली घोडा उभा आहे, ५५ घोडे आणि ५४ माणसं, पंचावन्नावा स्वार झाला की दख्खनचे दिवस पुन्हा फिरतील, असा काहीसा त्याचा भावार्थ.

नवखा माणूस इथे म्हणतो, दोन पुरावे आहेत, झालं सिद्ध. पण आम्हाला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे पुरावे मोजायचे नाहीत, ते कुठून आले ते बघायचं. सोसायटीच्या ग्रुपवर पाच जणांनी टाकलं की उद्या पाणी येणार नाही, आणि पाचही जणांनी ते एकाच फॉरवर्डवरून उचललं असेल, तर तुमच्याकडे बातमी एकच आहे, पाच नाहीत. डफ हा एल्फिन्स्टनच्या हाताखालचा माणूस, पुढे साताऱ्याचा रेसिडेंट झाला. हेबर १८२५ मध्ये मुंबईत आला तेव्हा गव्हर्नर कोण, तर तोच एल्फिन्स्टन, आणि हेबर त्याचा पाहुणा. (ठाण्यालाही आलेला, इथलं सेंट जेम्स चर्च त्याच्याच हातून पवित्र झालं, जेलजवळून जाताना दिसेल.) म्हणजे दोघांच्या कानावर ही गोष्ट पडली असेल ती बहुधा एकाच गोटात, मुंबई-पुण्याच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर. दोन वेगळी पुस्तकं असली तरी उगम बहुतेक एकच.

मग ती खोटी ठरली का? नाही, तसंही नाही. डफ जवळचा होता, ज्या लोकांनी चौकशी केली त्यांच्यात वावरला होता, घटनेनंतर १० वर्षांत लिहीत होता, आणि तो सांगतो ते त्या जागी अगदी शक्य आहे. पहारा गोरा, भाषेची अडचण, मोतद्दाराला रोज घोडा फिरवणं भागच, त्याच्याकडे कोण बघतंय. शिवाय डफच्या वर्णनात नाट्य कमी आहे, तो शब्द देत नाही, "माहिती गाऊन सांगितली" एवढंच. मी याला "बरंच संभवनीय" म्हणेन. कोर्टात टिकेल असं नाही, पण मी वर्गात सांगताना "डफ सांगतो की" एवढं जोडून बिनधास्त सांगते.

हेबरच्या शब्दांचं मात्र वेगळं आहे. हेबर स्वतः कवी होता, चर्चमध्ये गायची गीतं लिहिणारा, आणि त्याने दिलेलं पद्य वाचलं तर ते इंग्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या पोवाड्यांच्या चालीवर बसवलेलं आहे, त्यात सरदार जंगलवाटेने निघालेत, तिरंदाज लपलेत. १८१६ साली ठाण्याच्या खाडीपलीकडे त्रिंबकजीची माणसं उभी असतीलच तर ती भाले-तलवारी आणि तोड्याच्या बंदुका घेऊन, धनुष्यबाण घेऊन नाही. आणि निरोप गुप्त ठेवायचाय तर त्यात माणसं किती, घोडे किती, लपलेत कुठे हे सगळं इतकं सुबक यमकात कोण सांगेल? मूळ मराठी काही असेल तर ते आपल्यापर्यंत आलेलं नाही, आलंय ते एका इंग्रज पाद्र्याने आपल्या कानाला रुचेल असं घडवलेलं पद्य. तेव्हा हे शब्द १८१६ चे पुरावे म्हणून वापरायचे नाहीत. पण ते फेकूनही द्यायचे नाहीत हं! १८२५ च्या सुमाराला इंग्रजांच्या मनात मराठ्यांबद्दल काय चित्र होतं, पराभूत शत्रूभोवती दहा वर्षांत कशी रोमँटिक झालर लागली, याचा तो पहिल्या दर्जाचा पुरावा आहे. कागद तोच, प्रश्न बदलला की त्याची किंमत बदलते. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात मजेशीर काम.

"पण पेशवे दफ्तरात (पेशव्यांच्या सरकारी कागदांत) गाण्याचा उल्लेख सापडत नाही म्हणजे खोटंच" असं म्हणणारेही असतात. हा युक्तिवाद मला पटत नाही. कागदात एखादी गोष्ट नाही, यावरून काही ठरवायचं तर आधी विचारावं लागतं की ती तिथे असायला हवी होती का. मुलकी हिशोबात गावचा वसूल नसेल तर मी कान टवकारते, कारण तो असायलाच हवा. पण कैदी पळवण्याच्या कटाचा कागद कोणी दफ्तरात बांधून ठेवतं का? उलट सापडला असता तर मला संशय आला असता.

आता चौथा दावा, बाजीरावाला माहीत होतं का. इथे इंग्रजी पत्रव्यवहार ढीगभर आहे आणि तरीही खात्री कमी आहे, हे आधी पचवावं लागतं. एल्फिन्स्टनची पक्की खात्री होती की पेशवा आतून सामील आहे, त्रिंबकजीला पैसा पुरवतोय, फौज जमवायला मदत करतोय. त्याचे बातमीदार होते, अक्कल होती, तो मूर्ख माणूस अजिबात नव्हता. पण ही पत्रं तो कलकत्त्याला, गव्हर्नर जनरलला लिहीत होता, पेशव्यावर नवा कडक तह लादायला परवानगी मिळावी म्हणून. त्यात त्याचा फायदा आहे. फायदा आहे म्हणजे खोटं बोलतोय असं नाही, एवढंच की या मुद्द्यावर त्याचा शब्द एकट्याने पुरणार नाही. मग मी काय बघते, तर त्याच पत्रांतल्या बारीक गोष्टी ज्या त्याच्या युक्तिवादाला लागत नाहीत किंवा आड येतात. कुठे तो स्वतःच म्हणतो की बातमी उलटसुलट येतेय, कुठे आदल्या पत्रातलं दुरुस्त करतो, कुठे पेशव्याच्या दरबारातल्या कोणाचं वेगळं मत नोंदवतो. सांगायचं ठरवून जे सांगितलंय त्याहून जाता जाता निसटलेलं जास्त कामाचं असतं.

आणि इथूनच अर्थ लावणं सुरू होतं, ज्याला तुम्ही "ज्याला जे हवं ते" म्हणालात. त्रिंबकजी पळाला या वस्तुस्थितीवर डफचा आणि नंतरच्या मराठी लेखकांचा वाद नाही. पण इंग्रजी लेखनात तो खुनी, कारस्थानी, पेशव्याला बुडवणारा म्हणून येतो, आणि नंतरच्या मराठी लेखनात बऱ्याच ठिकाणी शेवटपर्यंत इंग्रजांपुढे न वाकलेला माणूस म्हणून. दोन्ही मतं समान किमतीची आहेत का? नाही ना. जो लेखक शास्त्र्याच्या खुनाचे कागद टाळून त्याला नुसता वीर करतो तो मला कमी पटतो, आणि जो त्याला पेशवाई बुडण्याचं एकमेव कारण करतो तोही, कारण १८०२ चा वसईचा तह त्याच्या आधीच झालेला, तैनाती फौज आलेली, पेशव्याचे हात आधीच बांधलेले. मत मांडायला सगळे मोकळे आहेत, पण ते मत नको असलेल्या कागदांनाही उत्तर देतं का, हे बघूनच मी ठरवते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, ते कबूल केलं पाहिजे. १८१६ बद्दल बोलताना मला पत्रांची चैन आहे. तेच तुम्ही मला शिलाहार राजांच्या काळातल्या ठाण्याबद्दल, म्हणजे श्रीस्थानकाबद्दल विचारलंत तर हातात मूठभर ताम्रपट आणि शिलालेख. त्यातला एक तर याच किल्ल्याजवळ १७८७ मध्ये पाया खणताना सापडला, अरिकेसरी राजाचा, शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७. असा ताम्रपट वाचताना सुरुवातीची राजाची स्तुती आम्ही भराभर पुढे ढकलतो, प्रत्येक राजा तिथे शत्रूंचा काळ आणि याचकांचा कल्पवृक्ष असतोच. पण दान दिलेल्या जमिनीच्या पूर्वेला काय, पश्चिमेला काय, कुठलं गाव, हे येतं तिथे पेन्सिल थांबते. सीमा खोटी लिहून चालत नाही, शेजारी भांडायला येतो! आणि आकडा वाचताना घाई नको, अंबरनाथच्या मंदिरातल्या लेखाचं साल पहिल्यांदा ७८२ वाचलं गेलं होतं, नंतर ते शके ९८२ ठरलं, म्हणजे १०६०. एका अंकाने मंदिर २०० वर्षं मागे-पुढे.

तारखांवरून आठवलं, नेटवरची निम्मी भांडणं याच्यावर असतात. चिमाजी आप्पाच्या मोहिमेत १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं घेतलं. काही पुस्तकांत तारीख मार्चअखेरची दिसेल, काहींत एप्रिलच्या पहिल्या आठवड्याची, आणि लोक एकमेकांना खोटारडे म्हणत बसतात. पोर्तुगीजांनी नवीन कॅलेंडर १५८२ मध्येच घेतलं होतं, इंग्रजांनी घेतलं १७५२ मध्ये, तोपर्यंत दोघांत त्या शतकात ११ दिवसांचा फरक. आपल्याकडचे बरेच अभ्यासक १७५२ आधीच्या मराठी तारखा जुन्या इंग्रजी हिशोबात बदलत आलेत. म्हणजे दिवस एकच, पान वेगळं. शिवाय जुन्या इंग्रजी रिवाजात वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या पत्रावर मागचं साल दिसलं तर दचकायचं नाही.

मराठी पत्राचं तर त्याहून गमतीचं. समजा माझ्यासमोर एक मोडी पत्र आहे. आधी आडवी रेघ मारून तिला अक्षरं लटकवलेली, शब्दांत अंतर नाही, वर "श्री", मग "विज्ञापना ऐसीजे", आणि शेवटी फक्त "छ ७ जिल्हेज", म्हणजे मुसलमानी महिन्याचा चंद्र. साल नाहीच! ज्याला पत्र जायचं त्याला साल माहीत होतं, तुमच्या-माझ्यासाठी तो लिहीत नव्हता. कधी नशीब असलं तर शुहूर सन, म्हणजे मृग नक्षत्रापासून सुरू होणारं, अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेलं साल, दिलेलं असतं, "सबा सलासीन मया व अलफ", म्हणजे ७, ३०, १०० आणि १०००, एकूण ११३७, त्यात ५९९ मिळवले की १७३६ चा मृग ते १७३७ चा मृग. नसेल तर तिथी आणि वार कुठल्या साली जुळतात ते जंत्रीत बघायचं, पत्रात कोण जिवंत आहे, कोण कुठे छावणी करून आहे ते बघायचं. आणि कागद उलटा करायचा, हे पोरं नेहमी विसरतात. मागे बारीक अक्षरात पैवस्तीची नोंद असते, पत्र कधी पोचलं त्याची. लिहिल्याची आणि पोचल्याची तारीख हातात आली की कळतं, पेशव्याने अमुक हुकूम दिला तेव्हा ती बातमी त्याला मिळाली तरी होती का. "त्याने मुद्दाम मदत पाठवली नाही" असे मोठमोठे आरोप कधी कधी या एका ओळीने गळून पडतात, कारण पत्रच चार दिवस उशिरा पोचलेलं असतं.

प्रश्न कसा विचारला यावरही उत्तर ठरतं. ठाणेकराला "भारतातली पहिली रेल्वे" म्हटलं की १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. प्रवासी गाडी म्हटलंत तर बरोबर. नुसती रेल्वे म्हटलंत तर मद्रासजवळ आणि रुरकीला बांधकामाचा माल वाहणाऱ्या गाड्या त्याआधी धावल्यात.

राहता राहिली आजोबांची आठवण. तोंडी परंपरेला मी हसत नाही, पण तिचीही वंशावळ काढावी लागते. १९ व्या शतकात पुस्तकात छापलेली गोष्ट मास्तरांच्या तोंडून वर्गात जाते, वर्गातून घरी येते, आणि दोन पिढ्यांनी ती "आमच्याकडे पूर्वापार सांगतात" अशी होऊन परत आमच्याकडे येते. मग कोणी अभ्यासक म्हणतो, बघा, लोकपरंपरेतही आहे! तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांना विचारा की आजोबांनी ती कोणाकडून ऐकली होती, आणि त्यात असं काही होतं का जे डफ किंवा हेबरमध्ये नाही. मोतद्दाराचं नाव, त्याचं गाव, खाडी कुठून ओलांडली, पुढे त्या माणसाचं काय झालं. असं एखादं जास्तीचं, फारसं रंगवलेलं नसलेलं काही असेल तर ते सोन्यासारखं आहे, कारण या सगळ्या कागदांत त्या मोतद्दाराला कोणी विचारलेलंच नाही. ज्याने सगळ्यात मोठी जोखीम घेतली तो पुस्तकात बिननावाचा आहे. कागद लिहिणारे साहेब आणि कारभारी होते, घोडा फिरवणारा नव्हता. ही कसर सगळ्याच इतिहासात आहे आणि ती पूर्ण भरून निघत नाही, फक्त लिहिताना ती आहे हे लपवायचं नाही.

तर तुमच्या प्रश्नाला: पळाला, नक्की. मोतद्दार आणि गाऊन निरोप, बहुतेक हो, डफच्या भरवशावर. गाण्याचे शब्द, नाही, ते हेबरचे समजा. बाजीरावाचा हात, माझं स्वतःचं मत असं की पळाल्यावर त्याने मदत केली हे बरंच खरं असावं, पळवण्याची आखणी त्याची होती असं म्हणायला मला पुरावा अपुरा वाटतो. उद्या एखादं पत्र निघालं तर हे शेवटचं मी बदलेन, पहिलं बदलायची वेळ यायची शक्यता जवळपास नाही.

स्वतः बघायचं असेल तर पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स या छापील मालिकेतले एल्फिन्स्टनच्या काळाचे खंड काढा, १८१६-१७ ची पत्रं ओळीने वाचा, मधलं एखादं उचलू नका. डफचं ते प्रकरण नंतर वाचा, आधी नको, नाहीतर पत्रांतही तुम्हाला डफच दिसायला लागेल. आणि गाण्याचे "मूळ मराठी शब्द" म्हणून कोणी काही पाठवलं तर मला जरूर दाखवा, फक्त ते कुठल्या कागदातून आले आणि तो कागद कधीचा, हे त्यांच्याकडून लिहून घ्या.